ड्रुपल १०: बाजारभावाचं छोटं मॉड्यूल, भाव सेव्ह होतो पण बाहेरच्यांना कालचाच दिसून राहिला

सावनेर_रोड

नमस्कार मंडळी,

नागपूरजवळच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या साइटसाठी मॉड्यूल (ड्रुपलला जोडायचा कोड) लिहितो आहे. ड्रुपल १०.३ (साइट बनवायची मोफत प्रणाली), पीएचपी ८.२ (तिची भाषा). लोकल काम विंडोजवर झॅम्पमध्ये (स्वतःच्या मशीनवरचा सर्व्हर), खरा सर्व्हर लिनक्सचा, तिथे एसएसएच आणि ड्रश (ड्रुपलच्या कमांड चालवायचं साधन) दोन्ही आहे. मागणी साधी: कळमन्याचे (नागपूरच्या बाजार समितीचे) सोयाबीन, तूर, हरभरा, गहू आणि संत्रा यांचे भाव पहिल्या पानावर एका ब्लॉकात. लिलाव आटोपले की ऑफिसमधल्या ताई एका फॉर्मात आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर भरणार, आणि शेतकऱ्याला मोबाइलवर ते लगेच दिसायला हवेत. गाडी भरून कळमन्याला न्यायची की दोन दिवस थांबायचं, हे लोक त्यावरून ठरवतात. म्हणून जुना भाव दिसणं चालणारच नाही.

सध्या मॉड्यूलमध्ये एक इन्फो फाइल, एक राउटिंग फाइल, 'कॉन्फिग फॉर्म बेस'वरून केलेला फॉर्म आणि 'ब्लॉक बेस'वरून केलेला ब्लॉक आहे. भाव कॉन्फिगमध्ये (ड्रुपलच्या सेटिंगमध्ये) साठवतो. अडलंय ते असं:

१. सर्व्हरवर मॉड्यूल चालू झालं, फॉर्म उघडतो, पण ब्लॉक लावायच्या यादीत माझा ब्लॉकच नाही. एरर नाही, लॉगमध्येही काही नाही. लोकलवर मात्र तो दिसतो.

२. लोकलवर भाव बदलला तरी ब्लॉक जुनाच राहतो. ब्लॉकचं मॅक्स-एज (कॅशमध्ये, म्हणजे साठवलेल्या प्रतीत, किती वेळ ठेवायचं) शून्य केलं तर लॉगिन असताना नवा भाव येतो, लॉगआउट केलं की पुन्हा कालचा. ड्रश सीआर (कॅश साफ करायची कमांड) मारलं की नीट होतं, पण रोज दुपारी कॅश साफ करायला कोण बसणार?

३. सर्व्हरवर कोड चढवताना ड्रश सीआयएम (फाइलींतलं कॉन्फिग साइटवर लावायची कमांड) चालवलं, तर फॉर्मात भरलेले भाव उडाले आणि आधीचे परत आले.

रचनाच बदलावी लागत असेल तर आत्ताच बदलतो. नेमकं सांगा.

---

धंतोली_देव

भाऊ, आधी एक खुलासा: फाइलींची आणि फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितो आहे, प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांत समजा. मॉड्यूलचं मशीन नाव 'बाजारभाव' धरतो. मशीन नावात फक्त लहान अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर चालतात, सुरुवात अक्षराने हवी, आणि साइटवरच्या थीमचं नाव तेच नको. जागा: वेब, त्यात मॉड्यूल्स, त्यात कस्टम, त्यात 'बाजारभाव'.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नक्की फोल्डरच्या नावात आहे. ब्लॉकची फाइल 'एसआरसी' मधल्या 'प्लगिन' मधल्या 'ब्लॉक' या फोल्डरात असते. त्यात 'एसआरसी' पूर्ण लहान अक्षरांत, पण 'प्लगिन'चा पी आणि 'ब्लॉक'चा बी कॅपिटल. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळत नाही, लिनक्सला कळतो. ड्रुपल नेमक्या त्या नावाचं फोल्डर शोधतं. सापडलं नाही तर या मॉड्यूलकडे ब्लॉक नाही एवढंच समजून पुढे जातं. त्यामुळे एररही नाही आणि लॉगही नाही. फाइलचं नाव, क्लासचं नाव आणि नेमस्पेस ही तिन्हीही अक्षरनिहाय जुळली पाहिजेत.

नुसतं फोल्डरचं नाव बदलून गिटला (कोडचे बदल नोंदवणारं साधन) कमिट केलं तर विंडोजवर गिटला तो बदल बहुधा दिसतच नाही. 'गिट एमव्ही'ने दोन टप्प्यांत करा: आधी 'प्लगिन_तात्पुरतं', मग 'प्लगिन'. सर्व्हरवर गेल्यावर 'एलएस' मारून खरंच बदललं का ते डोळ्यांनी पाहा.

आता तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते या धाग्यातला खरा मुद्दा हाच. भाव कॉन्फिगमध्ये ठेवायचेच नाहीत. कॉन्फिग म्हणजे साइट कशी वागावी याची मांडणी. ती लोकलवर ठरते, ड्रश सीईएक्सने वायएमएल फाइलींत उतरते, गिटमधून सर्व्हरवर जाते आणि सीआयएमने तिथे लागू होते. सीआयएमचं कामच हे की सर्व्हरवरची मांडणी फाइलींसारखी करून टाकायची. तुमच्या सिंक फोल्डरात जुने भाव असलेली वायएमएल फाइल होती, सीआयएमने इमानदारीने तीच लावली. ताईंनी सर्व्हरवर भरलेला भाव तुमच्या गिटमध्ये कधी येणारच नाही, म्हणून पुढच्या प्रत्येक डिप्लॉयमेंटला तो उडणार.

विभागणी अशी करा. कोणते शेतमाल दाखवायचे, कोणत्या क्रमाने, त्यांचं परिमाण काय, हे कॉन्फिग. रोजची आवक आणि दर हा डेटा, तो डेटाबेसच्या स्वतःच्या टेबलात. फक्त शेवटचा भाव दाखवायचा असता आणि मागचा इतिहास नको असता तर स्टेट एपीआयवरही (ड्रुपलची छोट्या नोंदी ठेवायची सोय) भागलं असतं, ते सीईएक्समध्ये जात नाही. पण आज ना उद्या कंपनीचे संचालक विचारणारच की मागच्या महिन्यात तूर काय होती. टेबलच करा.

टेबलाची व्याख्या 'बाजारभाव डॉट इन्स्टॉल' फाइलीत, हुक स्कीमात (टेबलाची रचना सांगणारं फंक्शन):

- आयडी: सीरियल, हीच प्रायमरी की
- तारीख: व्हारचार, लांबी १०, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने
- शेतमाल: व्हारचार, लांबी ३२, इथे सोयाबीन-तुरीचं मशीन नाव
- आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण: चारही इंट, अनसाइन्ड
- यूआयडी आणि बदलल्याची वेळ: इंट

तारीख आणि शेतमाल मिळून एक युनिक की. ही विसरू नका. तारखेला व्हारचार यासाठी की ड्रुपलच्या स्कीमात सगळ्या डेटाबेसवर चालेल असा तारखेचा वेगळा प्रकार नाही, आणि वर्ष आधी लिहिलं तर व्हारचारही बरोबर क्रमाने लागतं.

सेव्ह करताना इन्सर्ट वापरू नका, मर्ज क्वेरी वापरा: 'कीज'मध्ये तारीख आणि शेतमाल, 'फील्ड्स'मध्ये बाकीचं. ताईंनी त्याच दिवशी आकडा दुरुस्त केला तर नवी ओळ न पडता तीच ओळ बदलते. फॉर्म आता 'कॉन्फिग फॉर्म बेस'ऐवजी साध्या 'फॉर्म बेस'वरून करा.

आणि ब्लॉकमध्ये आजची तारीख घालून क्वेरी करू नका. बाजार बंद असला की ब्लॉक रिकामा पडेल. आधी टेबलातली सगळ्यात अलीकडची तारीख काढा, मग त्या तारखेच्या ओळी. दाखवायला वेगळी ट्विग टेम्प्लेट लागत नाही, रेंडर ॲरेचा 'टेबल' प्रकार पुरतो: 'हेडर', 'रोज' (म्हणजे ओळी), आणि काहीच नसेल तेव्हासाठी 'एम्प्टी'.

---

रेशीमबाग

कॅशबद्दल मी सांगते, कारण मॅक्स-एज शून्य हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि या कामाला तो लागू पडत नाही.

ड्रुपलमध्ये इथे दोन वेगवेगळ्या कॅश आहेत. डायनॅमिक पेज कॅश पानाचे तुकडे समजून घेते. ब्लॉकचं मॅक्स-एज शून्य असेल तर तेवढा तुकडा ती प्रत्येक वेळी नव्याने बनवते. म्हणून लॉगिन असताना नवा भाव दिसला. पण लॉगिन न केलेल्यांसाठी तिच्याही आधी इंटर्नल पेज कॅश उभी असते. ती तयार झालेलं अख्खं पान जसंच्या तसं ठेवते आणि आतल्या ब्लॉकचं मॅक्स-एज बघतच नाही. तिला कळतात ते कॅश टॅग, म्हणजे पान कशाकशावर अवलंबून आहे ते सांगणाऱ्या खुणा. शेतकरी लॉगिन करणार नाही, म्हणजे तुमचा सगळा वाचक या दुसऱ्या कॅशमागे आहे.

उपाय दोन ओळींचा. ब्लॉकच्या 'बिल्ड'मधून जो ॲरे परत करता त्यात 'कॅश'खाली 'टॅग्ज'मध्ये स्वतःचा एक टॅग द्या, समजा 'बाजारभाव_यादी'. आणि फॉर्मच्या 'सबमिट फॉर्म'मध्ये मर्ज झाल्यावर 'कॅश' क्लासचं 'इनव्हॅलिडेट टॅग्ज' तोच टॅग देऊन बोलवा. ज्या ज्या पानावर तो ब्लॉक आहे तेवढीच पानं शिळी ठरतात, बाकी साइटची कॅश शाबूत राहते. मॅक्स-एज शून्य काढून टाका, त्याची गरज उरत नाही.

टॅग ब्लॉक रिकामा असतानाही द्यायचा. ओळी नाहीत म्हणून वरच रिकामा ॲरे परत केला आणि त्यात टॅग नसला, तर पहिल्यांदा भाव भरल्यावरही रिकामा ब्लॉकच कॅशमध्ये बसून राहतो. ही चूक सहज होते आणि सापडायला वेळ खाते. शेतमालाची यादी कॉन्फिगमधून वाचता आहात तर त्या कॉन्फिगचा टॅगही जोडा. त्याचं नाव 'कॉन्फिग', कोलन आणि पुढे कॉन्फिगचं नाव असं असतं, आणि कॉन्फिग सेव्ह झालं की ड्रुपल तो आपणहून इनव्हॅलिडेट करतं.

आता कॅश अशी टिकणार म्हटल्यावर ब्लॉकात 'आजचे भाव' असं कुठेही छापू नका. शनिवारी बनलेलं पान सोमवारी सकाळीही तसंच असेल आणि त्यावर 'आजचे' लिहिलेलं असेल. सरळ तारीख छापा. सोबत साइटचा टाइमझोन एशिया-कोलकाता आहे का ते प्रादेशिक सेटिंगमध्ये बघा. तो यूटीसी राहिला तर पहाटे साडेपाचपर्यंत फॉर्ममधली डिफॉल्ट तारीख आदल्या दिवसाची येईल.

तपासायचं कसं: ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत पान उघडा आणि डेव्हलपर टूल्समध्ये रिस्पॉन्सचे हेडर बघा. 'एक्स-ड्रुपल-कॅश' हा हेडर आधी मिस (पान नव्याने बनलं), दुसऱ्यांदा हिट (कॅशमधून आलं) दाखवेल. फॉर्म सेव्ह करा, पुन्हा पान रिफ्रेश करा: मिस आलं पाहिजे. हिट आलं तर टॅग पानापर्यंत पोचलेला नाही. तेव्हा लोकलच्या सर्व्हिसेस फाइलीत कॅशेबिलिटी हेडरचं डीबग चालू करा, म्हणजे पानाचे सगळे टॅग एका हेडरमध्ये दिसतात. त्यात 'बाजारभाव_यादी' शोधा. हे डीबग सर्व्हरवर चालू ठेवू नका, टॅगांची यादी लांबली की काही वेब सर्व्हर हेडर मोठा झाला म्हणून पानच नाकारतात.

---

वर्धा_रोड

थोडा वेगळा विचार मांडतो. मॉड्यूल लिहायलाच कशाला पाहिजे? 'बाजारभाव' नावाचा कंटेंट टाइप करा, तारीख, शेतमाल आणि चार आकड्यांची फील्ड द्या, व्ह्यूजने (ड्रुपलचं याद्या बनवायचं साधन) ब्लॉक बनवा. परवानग्या, रिव्हिजन, कोणी कधी बदललं याची नोंद, सगळं फुकट मिळतं. कॅश टॅगही नोडच्या (एकेका नोंदीच्या) यादीचा आपोआप लागतो. पाच शेतमाल आणि वर्षाचे साधारण तीनशे बाजारदिवस धरले तर दीड हजार नोड, ड्रुपलला काहीच नाही. दोन वर्षांनी तुम्ही या कामावर नसाल तर पुढच्या माणसाला तुमचा कोड वाचावा लागणार नाही.

---

धंतोली_देव

दादा, तुमचा मुद्दा खरा आहे, आणि एकाच शेतमालाचा भाव असता तर मीही तेच सांगितलं असतं. इथे दोन ठिकाणी अडतं.

पहिलं, भरणं. ताईंना पाच ओळींचा एकच तक्ता हवा आहे. कंटेंट टाइपमध्ये पाच वेळा नवा नोड उघडायचा, पाच वेळा तारीख निवडायची. एखाद्या दिवशी चौथ्यावर फोन येतो आणि पाचवा राहतो. दुसरं, दाखवणं. 'सर्वात अलीकडच्या तारखेच्या सगळ्या ओळी' ही अट व्ह्यूजमध्ये सरळ लागत नाही. लोक तारखेनुसार उतरता क्रम लावून पाच ओळींची मर्यादा घालतात. पण ज्या दिवशी हरभऱ्याची आवकच नव्हती त्या दिवशी चार ओळी आजच्या आणि पाचवी आदल्या दिवसाची येते, एकाच तक्त्यात. भाव पाहणाऱ्याचं त्यात नुकसान आहे. शिवाय एका तारखेला एका शेतमालाचा एकच नोड, हे बंधनही वेगळं लिहावंच लागतं. तिथे कोड आलाच.

उलट बाजूने, टेबल केलं तर परवानगीचं काम आपल्यालाच करावं लागतं. 'बाजारभाव डॉट परमिशन्स डॉट वायएमएल'मध्ये 'भाव नोंदवणे' अशी एक परवानगी द्या, राउटिंग फाइलीत फॉर्मच्या राउटला तीच लावा, आणि ताईंसाठी वेगळी भूमिका करून तिला एवढीच परवानगी ठेवा. प्रशासकाची भूमिका देऊ नका. राउटिंगमध्ये 'रिक्वायरमेंट्स' लिहायचं राहिलं तर ड्रुपल सगळ्यांनाच प्रवेश नाकारतं, तेवढं ते सुरक्षित आहे. पण लोक मग वैतागून 'अ‍ॅक्सेस: ट्रू' लिहून मोकळे होतात आणि भाव भरायचा फॉर्म जगाला उघडा होतो.

---

सावनेर_रोड

सगळ्यांचे आभार. फोल्डरचं नाव दुरुस्त केलं, सर्व्हरवर ब्लॉक आला. टेबलाचाच मार्ग घेतो.

इन्स्टॉल फाइलीत हुक स्कीमा लिहिलं, ड्रश सीआर मारलं, फॉर्म सेव्ह केला तर 'बेस टेबल ऑर व्ह्यू नॉट फाउंड' येऊन राहिलं. स्कीमा तीनदा ताडून पाहिला, व्याकरण बरोबर आहे. मॉड्यूल काढून पुन्हा टाकलं की टेबल होईल असं वाटतं, पण सर्व्हरवर तसं करावं का?

---

धंतोली_देव

सर्व्हरवर अजिबात नको. ड्रुपल ८ पासून मॉड्यूल नुसतं बंद ठेवायची सोयच नाही, काढलं म्हणजे पूर्ण अनइन्स्टॉल. त्यात त्याचं कॉन्फिग, त्याची टेबलं आणि थीममध्ये लावलेला ब्लॉकही जातो. ते कन्फर्म करायच्या पानावर काय काय जाणार याची यादी असते, ती वाचल्याशिवाय बटण दाबू नये.

हुक स्कीमा फक्त मॉड्यूल पहिल्यांदा इन्स्टॉल होताना चालतं. तुमचं आधीच इन्स्टॉल झालेलं आहे, म्हणून कॅश कितीही साफ केली तरी ड्रुपल त्याकडे पाहणार नाही. त्यासाठी त्याच फाइलीत अपडेट हुक लिहा: 'बाजारभाव_अपडेट_१०००१'. आत डेटाबेसच्या स्कीमा ऑब्जेक्टला आधी टेबल आहे का विचारा, नसेल तर 'क्रिएट टेबल'. टेबलाची व्याख्या तिथे पुन्हा पूर्ण लिहा, हुक स्कीमाला बोलवून आणू नका. कारण सहा महिन्यांनी स्कीमात नवा कॉलम वाढवाल आणि त्यासाठी १०००२ लिहाल. तोवर एखाद्या साइटवर दोन्ही अपडेट एकदम चालले, तर १०००१ नव्या स्कीमाने टेबल बनवेल आणि १०००२ तोच कॉलम पुन्हा घालायला जाऊन अडकेल.

हुक स्कीमाही ठेवायचं. नव्या साइटवर त्यातूनच टेबल होतं आणि तिथे जुने अपडेट चालत नाहीत. म्हणजे प्रत्येक बदल दोन्हीकडे.

जुने भाव कॉन्फिगमध्ये पडलेत, तेही याच अपडेटमध्ये टेबलात उचलून घ्या आणि मग ते कॉन्फिग डिलीट करा. पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. लोकलवर ड्रश यूपीडीबी (अपडेट हुक चालवायची कमांड), मग लगेच सीईएक्स, म्हणजे सिंक फोल्डरातली भावांची वायएमएल फाइल निघून जाते. ते कमिट करा. सर्व्हरवर आधी डेटाबेसचा बॅकअप, मग यूपीडीबी, त्यानंतर सीआयएम, शेवटी सीआर. लोकलवर सीईएक्स राहिलं तर सर्व्हरवर अपडेटने काढलेलं कॉन्फिग सीआयएम पुन्हा आणून ठेवेल.

शेतमालाच्या यादीचं नवं कॉन्फिग 'कॉन्फिग' मधल्या 'इन्स्टॉल' फोल्डरात टाकाल, तर त्यालाही हाच नियम आहे. ते फोल्डर फक्त इन्स्टॉलच्या वेळी वाचलं जातं. तेही अपडेट हुकमधूनच सेव्ह करा, आणि 'कॉन्फिग' मधल्या 'स्कीमा' फोल्डरात त्याची व्याख्या द्या. वायएमएलमध्ये इंडेंटला टॅब नको, स्पेसच.

---

रेशीमबाग

फॉर्म लिहिताय तर मराठी आकड्यांचं आधीच बघून घ्या. मोबाइलवर मराठी कीबोर्ड असला की माणूस ४३५० हे देवनागरीत टाइप करतो. फॉर्म एपीआयचा 'नंबर' प्रकार घेतला तर बरेच ब्राउझर ते अक्षर उमटूच देत नाहीत, आणि उमटलं तरी ड्रुपलचं स्वतःचं व्हॅलिडेशन 'हा आकडा नाही' म्हणून फॉर्म परत करतं. ते तुमच्या 'व्हॅलिडेट फॉर्म'च्या आधी चालतं, त्यामुळे तिथे बदल करून उपयोग नाही.

म्हणून 'टेक्स्टफील्ड' घ्या. त्याला 'इनपुटमोड' हे ॲट्रिब्यूट 'न्यूमेरिक' द्या, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीपॅड उघडतो. मग 'व्हॅलिडेट फॉर्म'मध्ये देवनागरी अंकांचे रोमन अंक करा, स्वल्पविराम आणि स्पेस काढा, आणि साफ झालेली किंमत 'सेट व्हॅल्यू'ने फॉर्म स्टेटमध्ये परत ठेवा. रूपांतराला 'एसटीआरटीआर' वापरताना दहा जोड्यांचा ॲरे द्या. दोन स्ट्रिंग देऊन केलं तर ते बाइटनुसार अदलाबदल करतं, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंक तीन बाइटचा असतो, सगळा कचरा होतो.

साफ केल्यानंतरचे चेक: किमान हा सर्वसाधारणपेक्षा जास्त नको, सर्वसाधारण हा कमालपेक्षा जास्त नको, तारीख पुढची नको. अख्खी ओळ रिकामी असेल तर ती सोडून द्यायची, आवकच नव्हती असं समजायचं. शून्य सेव्ह करू नका. शून्य रुपये भाव छापला जाईल.

एक जादा शून्य ही खरी भीती आहे. ४३५० च्या जागी ४३५०० पडलं तर वरचे चेक त्याला पकडतीलच असं नाही, कारण माणूस कधीकधी तिन्ही दरांत तसंच भरतो. त्या शेतमालाचा शेवटचा सर्वसाधारण दर टेबलातून घ्या, नवा दर त्याच्यापेक्षा तीस टक्क्यांहून जास्त वर किंवा खाली असेल तर एरर द्या आणि सोबत एक चेकबॉक्स ठेवा: 'दर तपासला आहे, हाच सेव्ह करा'. तो टिक केला तरच पुढे जाऊ द्या. तीस हा आकडा ऑफिसशी बोलून ठरवा. सोयाबीनला तो सैल वाटेल, संत्र्याला कदाचित घट्ट.

दाखवताना पीएचपीचं 'नंबर फॉरमॅट' फंक्शन वापरलं तर सव्वा लाखाचे स्वल्पविराम इंग्रजी पद्धतीने तीन-तीन अंकांवर पडतात. त्याऐवजी इंटल एक्स्टेंशनचा 'नंबर फॉरमॅटर' क्लास मराठी-भारत लोकेल देऊन वापरा, १,२५,००० असं लाखाच्या हिशेबात आणि देवनागरीत मिळतं. झॅम्पमध्ये इंटल बहुतेक वेळा बंद असतं, पीएचपी डॉट आयएनआय फाइलीत त्या ओळीपुढचा सेमीकोलन काढा आणि अपाचे पुन्हा सुरू करा. आणि तुमच्या क्लासला नेमस्पेस असल्यामुळे 'नंबर फॉरमॅटर'च्या आधी बॅकस्लॅश द्या किंवा वर 'यूज' लिहा, नाहीतर पीएचपी तो क्लास तुमच्याच मॉड्यूलमध्ये शोधतं आणि पांढरं पान येतं.

---

वर्धा_रोड

धंतोली_देव यांचा अलीकडच्या तारखेचा मुद्दा पटला, मर्यादा लावून तो तक्ता खरंच चुकतो. अजून एक जोडतो: इन्फो फाइलीत 'कोअर व्हर्जन रिक्वायरमेंट'मध्ये १०.३ आणि ११ दोन्ही लिहून ठेवा. ड्रुपल १० चा आधार डिसेंबर २०२६ पर्यंतच आहे, आणि ११ ला पीएचपी ८.३ लागतं, तेव्हा होस्टिंगवर ते मिळेल का हे आत्ताच विचारून घ्या. ब्लॉकची ओळख कमेंटमधल्या ॲनोटेशनऐवजी पीएचपी ॲट्रिब्यूटने लिहा, १०.२ पासून ते चालतं. ॲनोटेशनही अजून चालतात, पण नवा कोड जुन्या पद्धतीने कशाला लिहायचा?

---

सावनेर_रोड

अपडेट हुक चालला, टेबल झालं, जुने भाव आले, सीआयएम दोनदा चालवून पाहिलं, भाव जागेवर आहेत. मराठी आकडेही घेतोय.

एकच राहिलं. सेव्ह केल्यावर इन्कॉग्निटोत हेडर मिस दाखवतो आणि नवा भाव येतो, रेशीमबाग ताईंनी सांगितलं तसंच. पण ज्या मोबाइलवर सकाळी पान उघडलेलं होतं, त्यावर दुपारी लिंक दाबून परत आलं तर जुनाच भाव. खाली ओढून रिफ्रेश केलं की नवा. टॅग तर पोचून राहिलाय, मग हे कशाने?

---

रेशीमबाग

हे ड्रुपलच्या कॅशमध्ये नाही, त्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये आहे. डेव्हलपमेंटखालच्या परफॉर्मन्स पानावर 'ब्राउझर आणि प्रॉक्सी कॅशचं कमाल वय' असा पर्याय आहे. तिथे एक दिवस निवडलेला असेल तर ड्रुपल प्रत्येक पानासोबत ब्राउझरला सांगतं की हे पान दिवसभर वापर, पुन्हा विचारायला येऊ नकोस. मग ब्राउझर सर्व्हरकडे येतच नाही, आणि आपण इनव्हॅलिडेट केलेला टॅग त्याला कळायचा काही मार्गच नाही.

तिथे 'कॅश नको' निवडा. इंटर्नल पेज कॅशवर त्याचा परिणाम होत नाही, ती तिच्या टॅगांवर चालत राहते, त्यामुळे सर्व्हरवर फार ताण येणार नाही. पुढे कधी साइटसमोर सीडीएन (पानांच्या प्रती ठेवून वाटणारे मधले सर्व्हर) लावलं तर हाच आकडा त्यालाही लागू होतो, तेव्हा मात्र पाच मिनिटांसारखं काहीतरी ठेवावं लागेल आणि तेवढा उशीर मान्य करावा लागेल.

हे सेटिंग कॉन्फिगमध्ये साठतं. लोकलवर बदला, सीईएक्स करा आणि कमिट करा. फक्त सर्व्हरवर बदललं तर पुढच्या सीआयएमला पुन्हा एक दिवस होऊन बसेल. ज्या मोबाइलवर पान आधीच उघडलेलं आहे त्यांच्याकडे जुनी प्रत तिची मुदत संपेपर्यंत राहणार, म्हणजे बदलाचा खरा परिणाम उद्या दुपारच्या भावाला बघा.